बॉक्स जळाला नव्हता

माझ्या दुकानात शिरणारा जवळजवळ प्रत्येक पुरुष पहिला प्रश्न एकच विचारायचा, "साहेब कुठेत?"

"साहेब बँकेत आहेत," मी सांगायची. "कर्ज हवं असेल तर तिकडे जा. कॉम्प्युटर बिघडला असेल तर इथे बसा."

हे उत्तर मला फार आवडायचं. रोज देऊनही शिळं व्हायचं नाही. तेव्हाची मी, म्हणजे बॉबकट केलेली, मंगळसूत्राशेजारी दोरीत स्क्रूड्रायव्हर अडकवून हिंडणारी बाई, स्वतःवर इतकी खूश असायची, की आज ती रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाईन.

नारायण पेठेत एका इमारतीच्या जिन्याखाली माझं दुकान होतं. छत उतरतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाकूनच आत यावं लागायचं. भांडायला आलेला माणूससुद्धा आधी नमस्कार केल्यासारखा दिसायचा. अठ्ठावीस वर्षं मी तिथे कॉम्प्युटर उघडले आणि बंद केले. मग माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, त्यांच्या मागोमाग मीही दिला.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "आजी, दुकानातल्या गमतीजमती लिहा ना, वाचकांना आवडतात." लिहिते. पण मला जे सांगायचंय ते गमतीचं नाही. ते शेवटी सांगू म्हटलं तर मी गमती सांगता सांगता पान संपवीन आणि सटकेन. मी मला चांगली ओळखते. म्हणून इथेच लिहून टाकते. मी एका बाईशी खोटं बोलले, आणि त्याची शिक्षा सोळा वर्षं दुसऱ्याच बाईने भोगली. आता मला सटकता येणार नाही. आता गमती सांगते.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते कळायला हवं. कॉम्प्युटर दिसतो तेवढा हुशार नसतो. त्याला जोडलेला प्रिंटर, स्कॅनर, आवाजाचं कार्ड, इंटरनेटची वायर जिथे खुपसतात तो भाग, हे सगळे वेगवेगळ्या कंपन्यांनी केलेले, प्रत्येकाची बोली वेगळी. म्हणून प्रत्येकासाठी एक छोटासा प्रोग्रॅम असतो. तो मध्ये उभा राहून याचं त्याला आणि त्याचं याला समजावून सांगतो. तो ड्रायव्हर. तो नसला, की प्रिंटर अगदी धडधाकट असूनही कॉम्प्युटर त्याच्याकडे लग्नात समोर आलेल्या नवऱ्याकडच्या अनोळखी मामाकडे बघावं तसा बघतो. हसतो, पण ओळखत नाही.

जुना कॉम्प्युटर रखडायला लागला की लोक म्हणायचे, "मॅडम, फॉरमॅट मारून द्या." म्हणजे सगळं पुसायचं आणि सिस्टीम नव्याने टाकायची. पुसताना ड्रायव्हरही पुसले जातात. हल्लीच्या सिस्टीम बहुतेक ड्रायव्हर आपले आपण इंटरनेटवरून आणतात, म्हणून माझ्या नातीला हा विषयच कळत नाही. तेव्हा तसं नव्हतं. वस्तूबरोबर आलेली सीडी लागायची, आणि ती सीडी घरात कुणालाही सापडायची नाही. म्हणून शहाण्या माणसाने आधी कॉम्प्युटरमध्ये काय काय बसवलंय ते बघावं, प्रत्येकाचं नाव आणि नंबर लिहून घ्यावा, त्याचा ड्रायव्हर शोधावा, पेन ड्राइव्हवर उतरवावा, तो उघडतोय ना ते बघावं, आणि मगच फॉरमॅट मारावा. हे सगळं पुसण्याआधी करायचं. पुसल्यानंतर करण्यासारखं फक्त देवाचं नाव घेणं उरतं.

हे शहाणपण मला सदाशिव पेठेतल्या केतकर सरांनी शिकवलं. गणिताचे निवृत्त शिक्षक. घरोघरी इंटरनेट नुकतं आलं होतं. मी त्यांच्या घरी जाऊन त्यांचा कॉम्प्युटर पुसला, सिस्टीम टाकली, आणि इंटरनेट चालेना. कारण इंटरनेटच्या भागाचा ड्रायव्हर पुसला गेला होता. तो कुठे मिळेल? इंटरनेटवर.

सर वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, "म्हणजे किल्ली कपाटात, आणि कपाटाला कुलूप."

"हो सर."

"आणि कुलूप आपण लावलंत."

"हो."

"मॅडम, मी आपल्याला दुरुस्तीसाठी बोलावलं होतं. शिकायला येणार असतात तर मी फी घेतली असती."

मी स्कूटरवरून दुकानात आले, ड्रायव्हर उतरवला, परत गेले. सरांनी घड्याळाकडे बघितलं, पाणी दिलं, चहा दिला नाही. त्याच संध्याकाळी मी एक लांबट वही आणली. कोणताही कॉम्प्युटर पुसण्याआधी त्याच्या पोटातल्या सगळ्या वस्तू या वहीत उतरवायच्या, असा नियम केला. त्या वहीने मला इतक्या वेळा वाचवलं की आजूबाजूचे दुकानदार अडलेली कामं माझ्याकडे पाठवायला लागले. कोणाचा दवाखान्यातला जुनापुराणा स्कॅनर, कोणाचा लग्नपत्रिका छापायचा प्रिंटर. कंपनी बुडालेली असली तरी मी तिचा ड्रायव्हर कुठून तरी खणून काढायचीच. त्याचा मला अभिमान होता आणि खरं सांगायचं तर अजून आहे.

गिऱ्हाइकंही एकेक होती. कोथरूडहून एक गृहस्थ स्कूटरवर आले, मागे बायको, बायकोच्या मांडीवर मॉनिटर. "बंद पडलाय."

"आणि डबा कुठाय?" मी विचारलं. "ज्यात खरा कॉम्प्युटर असतो तो?"

"तो घरी आहे. तो नीट आहे हो. दिसत नाही ते यात."

मी त्यांना हसले नाही. हसायचं काम त्यांच्या बायकोने केलं, आणि ते मी केलं असतं त्याहून चांगलं झालं.

बास. आता सुरेखाताई.

त्या मे महिन्याच्या शेवटी आल्या, धायरीहून, रिक्षाने. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा लेकरासारखा छातीशी धरलेला. पस्तिशीच्या असतील. शाळेच्या गणवेशाच्या खिशावर शाळेचं चिन्ह भरतकामाने काढलेलं असतं ना, ते त्या करायच्या. एकटीने. चार शाळांचं काम मिळवलं होतं, स्वतः मुख्याध्यापकांना भेटून. घरी भरतकामाचं मशीन होतं. चिन्हाचं चित्र कॉम्प्युटरवर तयार करायचं. मग कॉम्प्युटरला जोडलेला एक हाताएवढा बॉक्स ते चित्र एका छोट्या कार्डावर उतरवायचा. ते कार्ड मशीनमध्ये सारलं, की सुई आपोआप चालायची. बॉक्स नाही तर कार्ड नाही, कार्ड नाही तर मशीन नुसतं टेबल.

कॉम्प्युटर मध्येच अडकत होता. शाळा उघडायला तीन आठवडे होते.

"मॅडम, उद्यापातुर हुईल का?" त्यांनी विचारलं. "आणि त्यो बाक्स पण आणलाय. लागंल का?"

आता त्या दिवसाचं सांगते. त्या संध्याकाळी साडेपाचला एका महिला मंडळात माझा सत्कार होता. "पुरुषी क्षेत्रात ठसा उमटवणारी" वगैरे. पैठणी इस्त्री करून दुकानातच आणून ठेवली होती, आणि चारला केस सेट करायला जायचं होतं. घड्याळात तीन वाजून गेले होते.

वही टेबलावर होती. मी ती उघडली नाही. बॉक्स कॉम्प्युटरला जोडून, त्याचं नाव आणि नंबर वाचून लिहायला दहा मिनिटं लागली असती. त्याचा ड्रायव्हर जुन्या सिस्टीममध्येच होता, तो तिथून उचलून बाजूला ठेवता आला असता. मी सुरेखाताईंना म्हणाले, "बॉक्स राहू दे इथे. माझ्या डोक्यात आहे सगळं." त्यांची चित्रं तेवढी जपून बाजूला काढली आणि फॉरमॅट मारला. सिस्टीम चढत होती तोवर मी आरशासमोर भाषण म्हणत होते. त्यात एक वाक्य होतं, "स्त्री मुळातच काटेकोर असते." टाळ्या पडल्या त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉक्स जोडला. पडद्यावर पिवळं उद्गारचिन्ह. म्हणजे कॉम्प्युटर म्हणतोय, दारात कोणी तरी आलंय, पण कोण ते माहीत नाही.

मी धायरीला फोन लावला. "सुरेखाताई, या बॉक्सबरोबर सीडी आली असेल ना?"

"आली हुती की. हाय. पेरूला."

"कुठे?"

"पेरूच्या झाडाला टांगलीया. पोपट लई येत्यात मॅडम. चकाकतं बघून येत न्हाईत."

सीडी घेऊन त्या तासाभरात आल्या. लाल सुतळीला बांधलेली. ऊन, पाऊस आणि पोपट, तिघांनी तिच्यावर आपापली सही केली होती. आरपार उजेड दिसत होता. तुम्ही म्हणाल, मग चूक तिचीही आहे. नाही. सीडी झाडाला लावायची की जपायची हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पुसण्याआधी विचारायचं काम माझं होतं, आणि मला केतकर सरांनी शिकवलेलं होतं.

दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. बॉक्सच्या अंगावरचा नंबर इंटरनेटवर शोधला. मशीन बनवणारी कंपनी परदेशातली, तिने ते मॉडेल सोडून दिलेलं. ज्याने पुण्यात विकलं तो विक्रेता दुकान बंद करून गेलेला. पुसलेल्या डिस्कमधून फायली परत काढायचा प्रोग्रॅम लावला. सुरेखाताईंच्या मुलाच्या बारशाचे फोटो परत आले, दिराच्या लग्नाचे आले, ड्रायव्हर काही आला नाही. नवीन बॉक्स मिळतो का बघितलं, तर तो या जुन्या मशीनला चालत नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या आणि स्टुलावर बसल्या. त्या दिवशी खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं. हे मी आज स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाहीये, ठरवलं होतं. पण माझ्या मागे फळीवर शाल आणि मानचिन्ह ठेवलेलं होतं. सगळ्यांना दिसेल असं, मीच ठेवलेलं.

त्यांनी ते बघितलं आणि चेहरा उजळला. "मॅडम, तुमचा फोटु आलता पेपरात! आमच्या ह्यांनी दाखवला. म्या म्हणलं, बघा, आपला कॉम्प्युटर कुणाकडं दिलाय."

मी म्हणाले, "सुरेखाताई, बॉक्स जळालाय."

त्यांनी बॉक्स उचलून उलटसुलट बघितला. मग म्हणाल्या, "कशानं वो?"

आता माझं कसब बघा. खोटं सांगायला मला शोधावं लागलं नाही, धंद्यात ते तयार ठेवलेलं असायचं. कोणत्याही घरात, कोणत्याही महिन्यात, कोणीतरी कसला तरी प्लग काढलेला असतोच. मी विचारलं, "बॉक्स चालू असताना कुणी मध्येच प्लग काढला होता का?"

त्यांचे डोळे बारीक झाले. "मंगल," त्या म्हणाल्या. "माझी जाऊ. तिची घरघंटी त्याच बोर्डाला लावती. पीठ दळाया बाया आल्या की दम न्हाई तिला."

"मग तेच," मी म्हणाले.

दोनच शब्द. त्यांच्याकडून मी एक पैसा घेतला नाही, त्यामुळे मला उदारही वाटलं. डबा त्यांनी परत लुगड्यात गुंडाळला. जिन्याखालून वाकून बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "तुम्ही हुता म्हणून कळलं तरी."

यानंतर सोळा वर्षं मला त्यांची आठवण आली नाही, असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. आठवण यायची. पिवळं उद्गारचिन्ह दिसलं की यायची. मी ती बंद करायची, खिडकीवरची फुली दाबल्यासारखी. एवढं मात्र केलं की त्या दिवसापासून वही न उघडता एकही कॉम्प्युटर पुसला नाही. लोक म्हणायचे, काय काटेकोर बाई आहे.

गेल्या वर्षी सिंहगड रस्त्यावरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी मोतीबिंदूसाठी गेले होते. तिथे आधी डोळ्यांत थेंब घालतात आणि बाकावर डोळे मिटून बसवतात. आम्ही सात-आठ बायका ओळीने, सगळ्या मिटलेल्या. समोरच्या मुलीचा कॉम्प्युटर अडकला होता, आवाजावरून कळत होतं. मी डोळे मिटूनच ओरडले, "अगं, नुसतं बडवू नकोस. रीस्टार्ट कर."

पलीकडून आवाज आला, "कॉम्प्युटरच्या मॅडम का? नारायण पेठेतल्या?"

आवाज मी लगेच ओळखला. पळून जावं तर डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"म्या सुरेखा. धायरीची." मग त्या बाकाला उद्देशून बोलायला लागल्या. बंद डोळ्यांनी बोलणाऱ्या बाईला थांबवता येत नाही, तिला तुमचा चेहराच दिसत नसतो. शाळांची कामं कशी गेली ते सांगितलं. मशीन कसं पडून राहिलं ते सांगितलं. मग जावेचं. "आमच्या सासूनं तिला घरघंटी इकाया लावली. त्यावरनं भांडणं, भांडणावरनं दोन चुली. म्या वर, ती खाली. सोळा वरसं झाली बाई, तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं न्हाई म्या. तिच्या पोरीच्या लग्नाला कार्यालयात गेले, घरी न्हाई." आणि मग, बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात, "पर ह्या मॅडम खऱ्या. दुसरा कुणी असता तर नवं कायतरी गळ्यात मारलं असतं. ह्यांनी एक रुपाया घेतला न्हाई, आणि खरं कारण सांगितलं."

"अशी माणसं राहिली नाहीत हो आता," बाकावरचं कोणीतरी म्हणालं.

"जावा म्हणजे अशाच," दुसरं कोणीतरी.

मी गप्प होते. सोळा वर्षांनी संधी बाकावर शेजारी येऊन बसली होती आणि मी डोळे आणखी घट्ट मिटले. नर्स आली आणि म्हणाली, "आजी, डोळ्यांतून पाणी काढू नका, औषध बाहेर येतंय. आता पुन्हा घालावं लागेल."

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी, काळा चष्मा लावून, मी धायरीला गेले आणि घर विचारत विचारत शोधलं. धायरीत आता उंच इमारती झाल्यात, त्यांच्या मध्ये ते दुमजली घर अंग चोरून उभं आहे. बाहेरून वर जाणारा लोखंडी जिना, आणि जिन्याच्या पायथ्याशीच, अगदी चिकटून, खालच्या घराचं दार. पेरूचं झाड नव्हतं, तिथे कोणाची तरी चारचाकी होती.

खालच्या दारात एक बाई हिरव्या मिरच्यांची देठं काढत बसली होती. "कोण पायजे?"

"सुरेखाताई."

तिने मान वर न करता बोट वर केलं.

मी जिन्याकडे वळले आणि परत फिरले. "तुम्ही मंगलताई ना?"

"व्हय."

मी उंबऱ्याशेजारच्या कट्ट्यावर बसले. उभ्याने सांगण्यासारखं ते नव्हतं, शिवाय गुडघे. मी सांगितलं, मी कोण ते. सांगितलं, तो बॉक्स जळाला नव्हता. घाईत मी कॉम्प्युटरमधून एक गोष्ट पुसली, ती परत मिळाली नाही, आणि स्वतःची चूक सांगायची लाज वाटली म्हणून प्लगचं नाव घेतलं. प्लग कोणी काढला असता तरी तो बॉक्स त्यामुळे बंद पडलेला नव्हता.

मंगलताई देठं काढत राहिल्या. चार-पाच मिरच्या झाल्यावर म्हणाल्या, "म्या काढलाच नव्हता."

"हो."

"पैल्यांदा लई सांगितलं सगळ्यास्नी. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. कुणी ऐकलं न्हाई. मग वरसं गेली तसं मलाच वाटाया लागलं, काढला असंल. दळणाच्या घाईत काढला असंल, आपल्याच ध्यानात न्हाई." त्यांनी एक मिरची हातात धरली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. "गेल्या साली सासूबाई गेल्या. जायच्या आधी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणलं, आत्याबाई, माफ करा, काढला असंल म्या."

आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर उत्तर तयार असणाऱ्या मी शेवटी हात जोडले. "मला माफ करा."

"मला कशाला सांगताय?" त्या म्हणाल्या. "वर जावा."

मी वर गेले. सुरेखाताईंनी दार उघडलं आणि इतक्या खूश झाल्या की मला पायऱ्या मोजत परत खाली जावंसं वाटलं. "या या! ऑपरेशन झ्याक झालं का? बसा, चहा टाकते."

"चहा नंतर. आधी तुम्ही बसा."

खोलीच्या कोपऱ्यात चादर घातलेलं मशीन होतं, त्याच्यावर इस्त्रीचे कपडे. मी त्याच्याकडे न बघता सगळं परत सांगितलं. खाली सांगितलं होतं त्याहून लवकर संपलं. लाजही एकदा म्हणून झाली की दुसऱ्यांदा सराईतपणे म्हणता येते, हे त्या दिवशी कळलं आणि त्याचीही लाज वाटली.

त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर उठल्या, कपाट उघडलं, आणि खालच्या कप्प्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तो बॉक्स काढला. "म्हणजे ह्यो चांगला हाय?"

"तेव्हा चांगला होता."

"आणि तुम्हाला ठावं हुतं."

"हो."

"मग त्या दिशी का न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली."

"कशाची?"

"दोनच दिवसांपूर्वी शाल मिळाली होती. तुम्ही फोटो बघितला होता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. कुठली तरी फार बारीक अक्षरं वाचावीत तशा. "शालीपायी?" त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी बॉक्स मशीनवर, कपड्यांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवला. "मंगलला कुणी सांगायचं?"

"मी सांगितलंय. येतानाच."

"आधी तिला?" आता मात्र राग होता. "काय म्हणली?"

"म्हणाल्या, वर जावा."

त्या दाराकडे निघाल्या. मीही उठले. "चला, मी येते बरोबर. दोघींना नीट समजावून सांगते."

"नगं," त्या दारातून म्हणाल्या. "तुम्ही लई सांगितलंय."

अनवाणी खाली गेल्या. लोखंडी जिन्यावर चपला वाजतात, पावलं वाजत नाहीत, त्यामुळे त्या कधी पोचल्या ते मला कळलं नाही. मग मंगलताईंचा आवाज चढला, मग सुरेखाताईंचा, मग दोन्ही एकदम. ताट आपटल्याचा आवाज झाला. शब्द कळत नव्हते आणि ते कळायचा मला हक्कही नव्हता. मी त्या बॉक्सशेजारी बसून राहिले. चहा राहूनच गेला; केतकर सरांनीही दिला नव्हता.

आवाज थांबले नाहीत, पण खाली आले. मग मी कठडा धरून, एकेक पायरी आडवी होऊन उतरले. जिन्याच्या पायथ्याशी सुरेखाताई उंबऱ्याच्या बाहेर उभ्या होत्या, मंगलताई आत. मधे मिरच्या सांडलेल्या. दोघींचे डोळे लाल. मिरच्यांमुळे असेल, असं मी म्हणणार नाही.

माझी जायची वाट सुरेखाताईंनी अडवली होती. जिना, भिंत आणि ती चारचाकी, यांच्या मधे एकच माणूस मावेल एवढी जागा.

"मंगलताई..." मी सुरुवात केली.

"मॅडम, तुम्ही निघा आता," मंगलताई म्हणाल्या. "आमचं व्हायचंय अजून."

सुरेखाताईंनी मागे वळून बघितलं, माझा काळा चष्मा, माझे गुडघे. मला वाट द्यायला बाजूला व्हायचं तर सरकायला जागा फक्त एकाच दिशेला होती. त्यांनी साडी जरा उचलली, सांडलेल्या मिरच्या ओलांडल्या आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. मी भिंतीला धरून पुढे गेले. मागे भांडण पुन्हा सुरू झालं, आता दोन्ही आवाज आतून येत होते.